क्लोंडाइक गोल्ड रश: परात हातात धरायचे दिवस वर्षातून किती?

गारगोटी

सोनं शोधणाऱ्याचं चित्र काढ म्हटलं की कोणीही एकच काढतो. गुडघाभर पाण्यात वाकलेला दाढीवाला, हातात परात, परातीत चमचम. कॅलिफोर्नियाला १८४८-४९ मध्ये हे काही महिने तरी खरं होतं. क्लोंडाइकच्या बाबतीत हे चित्र जवळजवळ खोटं आहे, असं माझं मत.

पार्श्वभूमी थोडक्यात. ऑगस्ट १८९६ मध्ये कॅनडाच्या युकॉन भागात रॅबिट क्रीकवर सोनं सापडलं (या ओढ्याचं नाव लगेच बोनान्झा झालं). बाहेरच्या जगाला पत्ता लागला तो जुलै १८९७ मध्ये, 'एक्सेलसियर' ही बोट सॅन फ्रान्सिस्कोला आणि 'पोर्टलंड' सिअॅटलला सोनं घेऊन पोचली तेव्हा. मग लाखभर माणसं निघाली, तीस-चाळीस हजार तिथल्या डॉसन गावाला पोचली आणि हाताला सोनं लागलं ते चारेक हजारांच्या. हे आकडे सगळीकडे मिळतात.

मला हवाय तो दिवसाचा हिशेब. सकाळी उठल्यापासून आडवा होईपर्यंत हा माणूस नेमकं काय करायचा? त्यातले सोनं धुण्याचे दिवस किती? आणि त्याला मोडलं कशानं? "थंडीनं" असं एका शब्दात उत्तर देऊ नये, ही नम्र विनंती.

चहाबाज

थंडीनंच. पण विनंतीला मान देऊन गप्प बसतो. चालू द्या.

हिशेबी_माणूस

ओझ्यानं मोडलं. आकडेच मांडतो.

१८९८ च्या सुरुवातीपासून कॅनडाच्या नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिसांनी अलास्कातून युकॉनकडे जाणाऱ्या खिंडींच्या माथ्यावर चौक्या टाकल्या. वर्षभराचं अन्न बरोबर नसेल तर आत प्रवेश नाही. अन्नच साधारण ११५० पौंड. त्यात तंबू, पत्र्याची शेगडी, कुऱ्हाडी, करवत, खिळे, दोर, कपडे धरले की माणशी २००० पौंड, म्हणजे ९०० किलो.

अलास्कातल्या डाया बंदरापासून चिलकूट खिंडीतून बेनेट तलावापर्यंत ३३ मैल. पाठीवर एका वेळी ६० पौंड धरा. ९०० किलोला ३३ खेपा. ३३ वेळा भरलेलं जायचं आणि ३२ वेळा रिकामं परत यायचं, म्हणजे ६५ फेऱ्या. ६५ गुणिले ३३ = २१४५ मैल. ३३ मैलांचा रस्ता कापायला!

अर्थात सगळंच पाठीवर नेत नसत. सपाटीला, गोठलेल्या नदीवर घसरगाडी चाले, त्यावर एका खेपेत दोनशे-अडीचशे पौंड जात. तरी हजारभर मैलांची पायपीट होईच. आणि कोणी सामान एकदम शेवटपर्यंत नेत नसे. चार-पाच मैलांवर ढीग करायचा, सगळं तिथे जमलं की तंबू हलवायचा, पुन्हा पुढचा ढीग. ढिगात उंच काठी रोवून तिला नाव बांधायचं, कारण रात्रीतून इतका बर्फ पडे की सकाळी नुसती काठीच दिसे. काठी विसरलेला माणूस मग फावडं घेऊन स्वतःचंच पीठ हुडकत बसे.

म्हणजे पहिले तीन महिने हा माणूस सोनं शोधणारा नव्हताच. हमाल होता, तोही बिनपगारी.

रानजाई

हिशेबी_माणूस, प्रतिसाद आवडला. त्यात पायऱ्यांची भर घालते.

खिंडीच्या पायथ्याला एक सपाट जागा होती, तिचं नाव 'स्केल्स', म्हणजे तराजू. तिथे हमालीवाले ओझं पुन्हा तोलत आणि दर वाढवत. तिथून माथा दिसायला समोर, पण चढ हजार फुटांचा आणि भिंतीसारखा. खेचर-घोडं चढत नाही. काही जणांनी हिवाळ्यात बर्फात सुमारे १५०० पायऱ्या खोदल्या, दोर बांधला आणि वापरणाऱ्यांकडून पैसे घेतले. पायरी एका माणसापुरती, त्यामुळे अख्खी रांग एका चालीनं चाले. दम लागला म्हणून बाजूला झालात की पुन्हा रांगेत घुसायला कोणी जागा देत नसे. उतरताना मात्र पायऱ्या नकोत, बुडावर बसून घसरगुंडी, काही मिनिटांत खाली. दिवसाकाठी एक-दोन खेपा झाल्या तर पुष्कळ.

हमाली करणारे बहुतेक मूळचे त्लिंगित लोक. ती वाट त्यांचीच, पिढ्यान् पिढ्यांची व्यापारी वाट होती. ३ एप्रिल १८९८ ला, पाम संडेच्या दिवशी, शीप कॅम्प हा खालचा तळ आणि स्केल्सच्या मधे हिमकडा कोसळून साठाहून जास्त माणसं गेली. मऊ, ताजा, ओला बर्फ पाहून अनुभवी हमालांनी आधीपासून ओझं उचलायचं नाकारलं होतं. नवख्यांना वाटलं, भाव वाढवायला अडून बसलेत.

टांकसाळ

त्यात जकातही होती हो. सामान बहुतेकांनी सिअॅटलला घेतलेलं, खिंडीचा माथा ओलांडला की कॅनडा. हजार फूट चढून धापा टाकत वर आलं की समोर झेंडा, बंदूक आणि पावतीपुस्तक.

चहाबाज

थोडक्यात टोलनाका. खिक्.

ओसरीवरचा

एक शंका. चिलकूट एवढी अवघड, तर शेजारची व्हाइट पास का नाही? ती तर कमी उंच होती आणि तिथे घोडी चालत.

रानजाई

चालत, पण पोचत नसत. स्कॅगवेहून निघणाऱ्या त्या वाटेला नावच 'डेड हॉर्स ट्रेल' पडलं. सुमारे ३००० जनावरं तिथे मेली. कारणं साधी होती. उतारू जी जनावरं बोटीनं आणत त्यातली बरीच म्हातारी, खाटकाच्या दारातून परत आणलेली. बहुतेक मालकांनी उभ्या जन्मात घोड्यावर ओझं लादलेलं नसे. खोगिराखाली गादी नीट बसली नाही की दोन दिवसांत पाठ सोलून निघे. वाटेत चारा नाही. दलदलीत पाय रुतला की मोडे. आणि मागची रांग थांबत नसे, पडलेल्या जनावरावरून पुढची जनावरं जात. कमी उंचीची वाट म्हणून माणसं तिकडे वळली आणि १८९७ च्या पावसात तीच आधी बंद पडली.

करवतकर

ओझं कबूल. पण भागीदाऱ्या फुटल्या त्या ओझ्यावरून नाही, करवतीवरून.

बेनेट आणि लिंडमन तलावांवर पोचलं की पुढचे पाचशेहून जास्त मैल पाण्याची वाट. होडी विकत मिळत नाही, स्वतः बांधायची. होडीला फळ्या हव्यात, फळ्यांना झाड. १८९७-९८ चा हिवाळा हजारो लोकांनी तिथे लाकूड कापण्यात घालवला.

पद्धत अशी. माणसाच्या डोक्याहून उंच माचाण बांधायचं. झाडाचं साल काढून ओंडका वर चढवायचा. दोन्ही बाजूंना दोरीनं काळी रेघ उठवायची. एक जण ओंडक्यावर उभा, दुसरा खाली. लांब उभी करवत दोघांच्या हातात. दाते फक्त खाली येताना कापतात. वरच्याचं काम करवत उचलायची आणि रेघेवर ठेवायची, खालच्याचं काम ओढायची. खालच्याच्या डोळ्यात, तोंडात, मानेत भुसा. वरच्याची कंबर धरलेली. करवत रेघ सोडून गेली की दोघांनाही खात्री, की चूक दुसऱ्याची. गोठलेलं लाकूड दगडासारखं, त्यात गाठी. पंचवीस फुटी होडीच्या फळ्या काढता काढता शाळेपासूनचे मित्र एकमेकांचं तोंड पाहीनासे झाले. भागीदारी मोडताना होडी मधोमध कापली, शेगडीचे दोन भाग केले, तवासुद्धा अर्धा अर्धा केला, असे किस्से भरपूर आहेत. किस्सेच असतील, पण एकाच प्रकारचे इतके किस्से उगाच तयार होत नाहीत.

पुढची चूक ओल्या लाकडाची. झाड पाडलं आणि त्याच महिन्यात फळी ठोकली. वसंतात ऊन लागलं की फळ्या आकसतात, फटी पडतात. म्हणून फटींत तागाचे धागे ठोकून वर डांबर ओतायचं. ज्यांनी डांबराचं वजन खिंडीतच कमी केलं होतं, ते पुढे डब्यानं पाणी उपसत गेले.

हिशेबी_माणूस

२९ मे १८९८ ला बेनेटचा बर्फ फुटला. पोलिसांच्या नोंदीत सात हजारांहून जास्त होड्या. प्रत्येक होडीला नंबर आणि त्यातल्या माणसांची नावं लिहून घेतली होती, पुढच्या चौकीवर ताळा जमला नाही तर शोध घेता यावा म्हणून. माइल्स कॅन्यन आणि व्हाइटहॉर्सच्या धारेत पहिल्या काही दिवसांत दीडशेच्या आसपास होड्या फुटल्या, माणसं बुडाली. मग सुपरिंटेंडंट सॅम स्टील यांनी हुकूम काढला की बायका-मुलांनी काठानं चालत जायचं आणि होडी जाणत्या नावाड्याशिवाय धारेत घालायची नाही. त्यानंतर अपघात एकदम कमी झाले.

मिठागर

अजून एकही जण सोन्यापर्यंत पोचलेला नाही, नोंद घ्यावी.

गारगोटी

अगदी! धाग्याचा मुद्दा हाच. बेनेटला पोचलेल्याच्या सामानात परात आहे, पण ती आतापर्यंत फक्त पीठ मळायला वापरली गेलीय.

कोठावळे_आजी

पीठ निघालंच आहे तर जेवणाचं सांगते. माणशी यादीत साधारण ४०० पौंड मैदा, १५०-२०० पौंड बेकन, १०० पौंड वाल-राजम्यासारख्या शेंगांचे दाणे, साखर, चहा-कॉफी, सुकवलेली सफरचंदं, सुकवलेले बटाटे-कांदे. म्हणजे रोज पाव, दाणे आणि खारं डुकराचं मांस, वर्षभर.

प्रवासात दाणे शिजवायला वेळ नसे. मुक्कामाला मोठं भांडंभर शिजवून बाहेर ठेवत. त्याची वीट होई. मग जेवणाच्या वेळी कुऱ्हाडीनं तुकडा पाडायचा, तव्यात टाकायचा.

पाव फुगवायला यीस्ट टिकत नसे, म्हणून आंबवलेल्या पिठाचं विरजण. आपण आंबोळीच्या पिठातलं थोडं मागे ठेवतो तसंच. ते थंडीत मरू नये म्हणून रात्री अंथरुणात घेऊन झोपत. यावरून मुरलेल्या माणसाला तिकडे 'सावरडो', म्हणजे आंबट पीठ, म्हणायचे, आणि नवख्याला 'चीचाको'. नदीवर बर्फ धरताना आणि सुटताना दोन्ही पाहिलं की चीचाकोचा सावरडो होई.

चहाबाज

विरजण कुशीत घेऊन झोपणारा समाज मला आपलाच वाटतो.

वैद्यबुवा_नव्हे

आजींच्या यादीत खोट कुठे आहे पाहा. ताजं काहीच नाही. सुकवलेल्या बटाट्यात क जीवनसत्त्व जवळपास उरत नाही. त्यामुळे हिवाळा सरता सरता स्कर्व्ही. आधी आळस आणि सांधेदुखी, मग हिरड्या सुजून रक्त, दात हलायला लागतात, पाय काळेनिळे, बोटानं दाबलं तर खड्डा तसाच राहतो. गंमत म्हणजे आळस हे पहिलं लक्षण असल्यानं लोक समजत, की जो झोपड्यात पडून राहतो त्याला स्कर्व्ही होते. कारण आणि परिणाम उलटे धरले. क जीवनसत्त्वाची कल्पनाच तेव्हा नव्हती.

उपाय दारात उभा होता. स्प्रूसच्या झाडाची हिरवी पानं गरम पाण्यात भिजवून ते पाणी प्यायचं. मूळ रहिवाशांना ठाऊक होतं. पण कडू लागतं म्हणून टाळत किंवा तासभर उकळून त्यातला गुणच घालवत.

उन्हाळ्यात वेगळं संकट. डॉसन दलदलीवर वसलेलं. खाली जमीन कायमची गोठलेली, त्यामुळे सांडपाणी जिरतच नाही. १८९८ च्या उन्हाळ्यात हजारोंची वस्ती, गटार नाही. टायफॉइडची साथ आली. जेझुइट पाद्री विल्यम जज यांचं सेंट मेरी रुग्णालय भरून वाहत होतं. ते स्वतः जानेवारी १८९९ मध्ये गेले. मोडलं कशानं या प्रश्नाला माझं उत्तर: घाण पाण्यानं आणि एकाच प्रकारच्या जेवणानं.

ओसरीवरचा

आणि डास? त्यांची थोरवी कोणी गायलीच नाही.

रानजाई

गोठलेल्या जमिनीवर वितळलेलं पाणी साचून राहतं, त्यावर डास. जाळी तोंडावरून काढायची सोय नाही, जेवतानाही. कामगार ओल्या शेवाळाचा धूर करून त्यात बसत. निवड अशी, की डोळे धुरानं चुरचुरवायचे की चावून घ्यायचे.

धोंडखणे

आता मूळ कामाकडे येतो, कारण इथे बहुतेकांचा गैरसमज असतो.

क्लोंडाइकचं सोनं ओढ्याच्या पाण्यात नव्हतं. ते खाली, पंधरा-वीस फुटांवर, कुठे त्याहून खोल, कातळाला टेकलेल्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरात होतं. आणि मधली माती दगडासारखी गोठलेली. कुदळ मारली तर ठिणगी उडते. सुरुंग लावला तर नुसता खड्डा पडतो, कारण गोठलेली माती फुटत नाही, दबते.

म्हणून विस्तव. ऑक्टोबरनंतर, सगळं पक्कं गोठल्यावर, साधारण चार फूट बाय सहा फुटांची विहीर धरायची. संध्याकाळी तळाशी लाकडं रचून पेटवायची. रात्रभर धुमसू द्यायचं. सकाळी धूर निवळला की खाली उतरून निखारे काढायचे आणि मऊ झालेली माती उपसायची. एका जाळात अर्धा ते एक फूट. वर रहाट, रहाटाला दोर, दोराला पोहरा. एक खाली भरतो, एक वर ओढतो. रोज नऊ इंच धरले तर वीस फुटांना २७ दिवस. हिवाळ्यात करायचं कारण म्हणजे उन्हाळ्यात विहिरीत पाणी भरतं आणि कडा ढासळतात. गोठलेल्या विहिरीला मात्र लाकडी आधारही लागत नाही. थंडी इथे शत्रू नाही, गवंडी आहे.

कातळाला पोचलं की काय? सोन्याचा पट्टा अरुंद असतो आणि तो आजच्या ओढ्याखाली असेलच असं नाही. हजारो वर्षांत ओढ्यानं कूस बदललेली असते. म्हणजे महिनाभर जाळून, उपसून तळाला गेलात आणि परातीत काहीच नाही, असं सर्रास होई. मग दहा-वीस हात बाजूला दुसरी विहीर. पट्टा लागला की त्याच्या मागे आडवं भुयार, तिथेही जाळच. मेणबत्तीच्या उजेडात गुडघ्यावर बसून काम.

धोका धुराचा. वरून निवळलेला वाटतो, तळाशी कोंडलेला विषारी वायू असतो, त्याला वास नाही. खाली उतरलेला माणूस बोलता बोलता गप्प झाला तर रहाटावरच्यानं ओळखायचं. त्याला काढायला घाईनं उतरलेला दुसराही पडे.

आणि लाकूड! दिवसाचा निम्मा वेळ लाकूड तोडणं आणि ओढून आणणं. जवळचे डोंगर उघडे पडले, मग दरवर्षी लांब जावं लागे. पुढे बॉयलर आले, लोखंडी नळ्या जमिनीत ठोकून त्यातून वाफ सोडायला लागले. पण ते पैसेवाल्यांना.

गारगोटी

धोंडखणे, याच प्रतिसादाची वाट पाहत होतो. मग धुणं कधी?

धोंडखणे

मेच्या मध्यानंतर ओढे वाहू लागले की. तोवर हिवाळाभर उपसलेल्या वाळूचा ढीग विहिरीशेजारी उभा असतो, पुन्हा गोठलेला. उन्हानं तो सुटा होईल तसा लाकडी पन्हळीत टाकायचा.

पन्हळ म्हणजे बारा फुटी, तीन बाजूंनी फळ्या लावलेली पेटी, अशा बऱ्याच एकापुढे एक जोडलेल्या. तळाला आडव्या पट्ट्या. उतार बेताचा, दर पेटीला आठ-दहा इंच. उतार कमी पडला तर वाळू साचून पट्ट्या बुजतात, जास्त झाला तर पाणी बारीक सोनंही घेऊन जातं. सोनं पाण्याच्या १९ पट जड, साधी वाळू अडीच पटींच्या आसपास, म्हणून सोनं पट्टीआड बसतं, वाळू पुढे जाते. काळी लोहयुक्त वाळू दोन्हींच्या मधली, ती नेमकी सोन्याबरोबर राहते. काही दिवसांनी पाणी बंद करून पट्ट्या उचलायच्या, गाळ काढायचा, वाळवायचा, काळी वाळू लोहचुंबकानं ओढायची, उरलेली फुंकरीनं उडवायची. फार बारीक सोन्याला पारा.

पाणी कमी असेल तर 'पाळणा' वापरत, हातानं हलवायची चाळणीची पेटी. काम हळू, पण बादलीभर पाणी पुन्हा पुन्हा वापरता येतं.

कोठावळे_आजी

म्हणजे तांदूळ रोळणं! खडे तळाला, तांदूळ वर. इथे खडेच मोलाचे.

टांकसाळ

अवांतर, पण आजींमुळे आठवलं. डॉसनमध्ये नाण्यांऐवजी सोन्याची पूड चाले, दर औंसाला १६ डॉलर. शुद्ध सोन्याचा अधिकृत भाव २०.६७ होता, पण पुडीत चांदी आणि वाळू असायचीच. प्रत्येक दुकानात तराजू, प्रत्येकाच्या कंबरेला कातडी पिशवी. तोलताना चार कण खाली सांडणारच. दारूच्या गुत्त्यातला जमिनीवरचा भुसा झाडून धुणं हा वेगळा धंदाच होता. तोलणारे नखं वाढवत, केसांना तेल लावून त्यात बोटं फिरवत, अशा गोष्टीही चालत.

आपल्याकडे हेच काम झारेकरी करतात. सराफी पेठेतल्या दुकानांतली, गटारांतली माती घेऊन धुवायची आणि सोन्या-चांदीचा कण काढायचा. पूर्व विदर्भ आणि बालाघाटकडे नदीची वाळू धुणारे सोनझारीही आहेत. क्लोंडाइकच्या परातीचं शास्त्र त्यांना शिकवायला नको.

ओसरीवरचा

अवांतरात अवांतर: मग कर्नाटकातल्या कोलारला गोल्ड रश म्हणायचं का?

धोंडखणे

नाही. कोलारचं सोनं घट्ट खडकाच्या शिरेत, खोल. ते फोडायला, दळायला यंत्रं लागतात. तिथे जॉन टेलर अँड सन्ससारख्या कंपन्या आणि पगारी मजूर होते. १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज आणली ती खाणीसाठी. एकटा माणूस, परात आणि नशीब याला तिथे वाव नव्हता. १८८० च्या सुमारास वायनाडला जी हवा झाली ती रशच्या जवळची, पण तिथेही धावले ते लंडनचे शेअर घेणारे. कृपया धाग्यावर परत या.

मिठागर

माझा विरोधी सूर. तुम्ही सगळे कष्टांचंच सांगताय. मुळात १८९८ मध्ये पोचलेल्याला ते कष्ट करायची संधीच नव्हती. बोनान्झा आणि एल्डोराडो या ओढ्यांवरची चांगली जमीन १८९७ च्या आतच खुंट्या ठोकून संपली होती, तीही आधीपासून युकॉनमध्ये असलेल्यांनी. 'पोर्टलंड' सिअॅटलला लागली तेव्हाच खेळ संपला होता. लोक वर्षभर ओझं वाहून डॉसनच्या मुख्य रस्त्यावर आले आणि तिथेच उभे राहिले. बऱ्याच जणांनी ते ९०० किलो सामान बाजारात मांडलं आणि परतीचं तिकीट काढलं. यांना मोडलं ते बातमी उशिरा पोचल्यानं.

हिशेबी_माणूस

सहमत, पण पूर्ण नाही. तीन वाटा उरल्या होत्या.

एक, मजुरी. दिवसाला १५ डॉलर. बाहेरच्या मानानं भरपूर, डॉसनच्या भावांपुढे बेताची.

दोन, 'ले'. दुसऱ्याचा तुकडा अर्धेलीनं करायचा. खोदणं, लाकूड, धुणं सगळं तुमचं, निघेल त्यातलं निम्मं मालकाचं. शिवाय सरकारचा १० टक्के कर एकूण सोन्यावर, खर्च वजा न करता. पट्टा लागला नाही तर हिवाळा फुकट.

तीन, तुकडे. पहिले दावे, म्हणजे खुंट्या ठोकून घेतलेले हक्काचे तुकडे, ५०० फुटांचे, घाईत दोरीनं नाहीतर पावलांनी मोजलेले. सरकारी मोजणीदार विल्यम ओगिल्व्ही यांनी साखळी लावली तेव्हा काही ५०० हून जास्त निघाले. जादा पट्टी सरकारजमा, जो खुंटी ठोकेल त्याची. त्यांचाच साखळीवाला डिक लो यानं अशी ऐंशीएक फुटांची चिंधी मन नसताना घेतली. त्यातून जवळपास पाच लाख डॉलरचं सोनं निघालं.

आणि डोंगरमाथे! सावरडो हसत होते, सोनं वर कसं चढेल म्हणून. पण जुनी नदीच त्या उंचीवरून वाहत होती. नवख्यांनी तिथे खणलं आणि त्या टेकडीचं नावच चीचाको हिल पडलं.

रानजाई

चौथी वाट विसरलात, हिशेबी_माणूस. सोनं न शोधणं. बेलिंडा मलरूनीनं १८९७ मध्ये डॉसनला कापड आणि गरम पाण्याच्या पिशव्या नेल्या आणि सहापट नफा काढला. मग खाणावळ, मग लाकडी घरं, मग जुलै १८९८ मध्ये फेअरव्ह्यू हॉटेल. खाणीत काय निघतंय ते गिऱ्हाइकांच्या गप्पांतून कळे, त्यावर तिनं खाणींतही हिस्से घेतले.

आणि ज्यांची जमीन ती, त्यांच्याबद्दल दोन ओळी. क्लोंडाइक नदीच्या मुखाशी हान लोकांचं मासेमारीचं ठाणं होतं, त्रोचेक. गर्दी वाढल्यावर त्यांचे प्रमुख आयझॅक यांनी १८९७ मध्ये लोकांना तीनेक मैल खाली मूसहाइडला हलवलं. शिकार पळाली, लाकूड गेलं, रोग आले. आपली गाणी विसरली जातील या भीतीनं त्यांनी ती अलास्कातल्या नात्यातल्या लोकांकडे सांभाळायला दिली. पहिलं सोनं ज्यांच्या समोर निघालं त्या चौघांतही जॉर्ज कारमॅक सोडला तर तिघं तिथल्या मूळच्या टॅगिश जमातीची होती: केट, कीश (स्कूकम जिम) आणि डॉसन चार्ली. रॉबर्ट हेंडरसन या सोनं शोधणाऱ्यानं कारमॅकला या भागाची खबर दिली, पण त्याच्या बरोबरच्या 'इंडियनां'ना तंबाखू विकायला नकार देऊन हिणवलं. सोनं सापडल्यावर त्याला कळवायला कोणी गेलं नाही.

ओसरीवरचा

तंबाखूची चिमूट फार महागात पडली म्हणायची.

गारगोटी

सगळ्यांचे आभार. धाग्यातल्याच आकड्यांवर पहिल्या प्रश्नाचं उत्तर जुळवतो. १८९७ च्या ऑगस्टात सिअॅटल सोडलेला, नशीबवान, अर्धेली मिळालेला माणूस धरू.

हिवाळा १८९७-९८: हमाली, मग करवत. जून १८९८: होडी. उन्हाळा: जमीन शोधणं, झोपडं बांधणं, फटींत शेवाळ कोंबणं, काच नाही म्हणून खिडकीत रिकाम्या बाटल्या रचणं. ऑक्टोबर ते एप्रिल: जाळ, उपसा, लाकूड. डिसेंबरात चारेक तास उजेड. मेअखेर ते जूनअखेर १८९९: पन्हळ.

म्हणजे जवळजवळ दोन वर्षांत सोनं धुण्याचे दिवस तीस-चाळीस. तेही परातीत नव्हे, पन्हळीत. परात रोज हातात यायची ती दोन-चार मुठी वाळू घोळवून पट्टा आहे का हरवला ते बघायला. आपल्या भाषेत शितावरून भाताची परीक्षा. चित्रकार मंडळींनी शीत काढलं आणि त्यालाच भात म्हटलं.

मिठागर

आणि ऑगस्ट १८९९ मध्ये अलास्कातल्या नोमच्या समुद्रकिनाऱ्यावर सोनं सापडल्याची बातमी डॉसनला आली. एका आठवड्यात आठ हजार माणसं निघून गेली. तिथे किनाऱ्यावरच्या वाळूतच सोनं होतं, ना विस्तव ना विहीर. तुमचं परातवालं चित्र तिकडे चालेल.

चहाबाज

आता तरी थंडीवर बोलायची परवानगी आहे का?

धोंडखणे

बोला. पण तापमापकाशिवाय नको. पाऱ्याचे तापमापक उणे ३९ सेल्सियसला गोठतात, तिथे निरुपयोगी. जॅक मॅकक्वेस्टन या जुन्या व्यापाऱ्यानं दाराबाहेर ओळीनं कुप्या ठेवल्या होत्या: पारा, घासलेट, आल्याचा अर्क आणि पेरी डेव्हिस पेनकिलर नावाचं औषध. पाऱ्यापासून ओळीनं एकेक गोठत जायची. कुठली कुपी घट्ट झालीय ते पाहून प्रवासाला निघायचं का ते ठरे. पेनकिलर गोठलं की शेगडीपासून हलायचं नाही.

चहाबाज

आल्याची कुपी चौथ्या ऐवजी तिसरी ठेवली, तिथेच त्यांचं चुकलं. आलं गोठलं की चहा होत नाही, आणि चहा झाल्याशिवाय बाहेर कोण पडतंय?

कोठावळे_आजी

चहाबाज, अर्क होता तो. चहात आलं ठेचून घालतात. निदान एवढं तरी सावरडो व्हा.